कुठे थांबलीस?

आमच्या वाचनगटात "पुस्तक आवडलं का?" असं आता कुणी विचारत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण सहा वर्षांत तो प्रश्न आपोआप गळून गेला. त्याच्या जागी दुसरा आला, "कुठे थांबलीस?" हा बदल कसा झाला ते बरेच दिवस लिहायचं मनात होतं. परवा एका वाचकाने विचारलं, "आम्ही चार मैत्रिणी जमतो, पुस्तकं सगळ्याच वाचतो, पण बोलणं काही होत नाही. तुमचं कसं चालतं?" म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही सात जण आहोत. सगळ्यांत मोठ्या अक्का, आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एक वकील मैत्रीण. औषधांच्या दुकानात काम करणारा एक मित्र, तो फार कमी बोलतो. एक जोडपं, नवरा अभियंता आणि बायको बँकेत. एक धाकटा, आमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, त्याला सगळे धाकटाच म्हणतात. आणि मी. माझा दिवस दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात जातो. महिन्यातून एका रविवारी दुपारी कुणा एकाच्या घरी जमायचं, एवढंच ठरलेलं.

सुरुवातीचे चार-पाच महिने मात्र काही जमत नव्हतं. प्रत्येक जण परीक्षण तयार करून यायचा. भाषा ओघवती आहे, शेवट घाईत उरकलाय, मधला भाग लांबलाय. मग कुणीतरी विचारायचं, दहापैकी किती? मी सात देईन. मी आठ. बँकेतली मैत्रीण म्हणायची साडेसहा. वीस मिनिटांत पुस्तक संपायचं आणि बोलणं रजा, बदल्या, मुलांच्या परीक्षा यांवर जायचं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण "आवडलं" हा निकाल असतो, आणि एकदा निकाल दिला की त्यावर मान डोलवायची नाहीतर वाद घालायचा, तिसरं काही करायला जागाच उरत नाही.

मग एका रविवारी वकील मैत्रीण पुस्तक अर्धवट वाचून आली. एरवी असं झालं की ती यायचीच नाही. त्या दिवशी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "माझं पूर्ण झालेलं नाही. एका ठिकाणी थांबले ते थांबलेच, पुढे जाववेना."

अक्कांनी विचारलं, "कुठे थांबलीस?"

पुस्तक होतं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले, तो भाग. तिने पुस्तक उघडलं आणि अर्धं पान मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "निर्णय एकाचा आणि संसार मोडला दोघांचा. माझ्यासमोर रोज अशा बायका येऊन बसतात. मी त्यांना कागदपत्रं विचारते. लक्ष्मीबाई वाचताना पहिल्यांदा वाटलं, आपण त्यांना दुसरंही काहीतरी विचारायला हवं होतं."

त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. गुण कुणी दिले नाहीत, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशीचा एक वाद मला अजून आठवतो. टिळक रागाच्या भरात घर सोडून निघून जायचे, लक्ष्मीबाईंनी हे अनेकदा सांगितलंय, आणि असं सांगितलंय की हसू आवरत नाही. अभियंता मित्राने त्यातला एक प्रसंग वाचला, तोही हसत होता आणि आम्हीही. वकील मैत्रीण तेवढी हसली नाही. म्हणाली, "बाई हसतेय म्हणून तुम्ही हसताय. घडलं ते हसण्यासारखं आहे का?" मग अक्कांनी तोच उतारा परत वाचला. आवाजात चढउतार नाही, नाट्य नाही, फळ्यावरचं गणित वाचून दाखवावं तसा. कुणालाच हसू आलं नाही. शब्द तेच, पाच मिनिटांपूर्वीचे. मग प्रश्न असा पडला की लक्ष्मीबाईंना हे आठवताना खरंच हसू येत होतं, की चाळीस वर्षं मागे वळून बघताना हसल्याशिवाय ते सांगताच आलं नसतं? पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. माझ्या मते दोन्ही खरं आहे. वकील मैत्रिणीला अजूनही ते पटलेलं नाही, आणि तिला पटवावं असं मला वाटत नाही.

सगळ्यांत शेवटी औषधांच्या दुकानातला मित्र बोलला. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या आयुष्यावरचं महाकाव्य लिहायला घेतलं आणि ते अर्धवट राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या तेव्हा 'स्मृतिचित्रे' अपुरं होतं, ते मुलाने, देवदत्तांनी, पुरं केलं. एवढं सांगून तो म्हणाला, "या घरात माणसं एकमेकांची अर्धी राहिलेली कामं हातात घेतात. मग एवढे वाद झाले तरी ते घर मोडलं असं कसं म्हणायचं?" वकील मैत्रीण त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्या दिवशी तो एवढंच बोलला, पण घरी जाताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

तेव्हापासून पद्धत बसली. प्रत्येकाने आपण जिथे थांबलो ती जागा घेऊन यायचं. आधी ती मोठ्याने वाचायची, मग बोलायचं. थांबण्याचं कारण कोणतंही चालतं. कळलं नाही म्हणून थांबलो, राग आला म्हणून थांबलो, एक शब्द पूर्वी कधी ऐकला नव्हता म्हणून थांबलो. कंटाळा आला म्हणून थांबलो हेसुद्धा चालतं, मात्र कोणत्या वाक्यावर कंटाळा आला ते दाखवता आलं पाहिजे. ही अट सगळ्यांत महत्त्वाची. "मधला भाग रटाळ आहे" म्हणणं सोपं असतं. बोट ठेवायला गेलं की कितीदा असं होतं की तो भाग रटाळ नसतोच, त्या रात्री आपण दमलेले असतो.

एक अडचण मात्र पहिल्याच महिन्यात आली, ती सांगून ठेवते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पान क्रमांक सांगून उपयोग होत नाही. माझ्या आवृत्तीतलं पान दुसऱ्याच्या आवृत्तीत पंधरा पानं मागे असतं. त्यातून 'स्मृतिचित्रे'ची संक्षिप्त आवृत्तीही आहे, आणि बँकेतल्या मैत्रिणीने नेमकी तीच वाचली होती. आम्ही एका प्रसंगावर बोलत होतो आणि ती गोंधळून पानं उलटत होती, तिच्या पुस्तकात तो प्रसंग चार ओळींत उरकला होता. त्यामुळे आता आम्ही प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द लिहून आणतो. आणि पुस्तक ठरवताना आवृत्तीही ठरवतो.

आता 'रणांगण'बद्दल. हे सांगायचं होतं म्हणूनच खरं तर मी लिहायला बसले.

त्या वेळी आमच्यात एकच प्रत होती, अक्कांची. पुस्तक लहान आहे, म्हणून ठरलं की तीच प्रत फिरवायची आणि प्रत्येकाने आपल्या रंगाच्या पेन्सिलीने खुणा करायच्या. पुस्तकावर खुणा करायला मला जड जात होतं, पण अक्काच म्हणाल्या, "करा. माझं पुस्तक आहे, मी सांगतेय." माझी पेन्सिल हिरवी, वकील मैत्रिणीची लाल, धाकट्याची निळी, औषधवाल्या मित्राची तपकिरी, त्या दोघा नवरा-बायकोंची केशरी आणि जांभळी. अक्कांची साधी, शिसाची. दोन-अडीच महिन्यांनी प्रत सगळ्यांकडून फिरून परत आली आणि आम्ही ती मधोमध ठेवून एकेक पान उलटत गेलो.

विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची. युरोपातून निघालेली बोट, त्यावर मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू मुलगी हॅर्टा. काही दिवसांची ओळख, आणि त्या ओळखीला पुढे जागा नाही. माझ्या हिरव्या रेघा जवळजवळ सगळ्या चक्रधरच्या मनातल्या विचारांखाली होत्या. लाल रेघा हॅर्टाच्या बोलण्याखाली. निळ्या आणि तपकिरी रेघा बोटीवरच्या इतर माणसांच्या ओळींखाली, ज्यांच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. एकच पुस्तक, पण मी एका प्रेमाची गोष्ट वाचली होती आणि धाकट्याने घरदार सुटलेल्या माणसांनी भरलेल्या एका बोटीची. माझ्या पुस्तकात ती माणसं पार्श्वभूमी होती, त्याच्या पुस्तकात तीच गोष्ट होती.

धाकट्यानेच एक हिशेब मांडला. कादंबरी १९३९ ची आणि युद्धाला तोंड फुटलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे पुढच्या सहा वर्षांत ज्यूंचं काय होणार हे बेडेकरांना लिहिताना माहीत असणं शक्यच नव्हतं. आपल्याला ते माहीत आहे. "म्हणजे लेखकाने लिहिलेलं पुस्तक आता कुणालाच वाचता येत नाही," तो म्हणाला. "आपण सगळे त्याच्यापेक्षा जास्त माहिती घेऊन वाचतो." हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून ठेवलंय.

मग दोघांच्या संवादाच्या एका पानावर आम्ही थांबलो. तिथे एका वाक्याखाली हिरवी आणि जांभळी अशा दोन रेघा होत्या, आणि त्यांच्या अगदी लगत कागद किंचित खडबडीत झाला होता. वकील मैत्रिणीने पान खिडकीकडे तिरपं धरलं. तिथे एक रेघ होती, पुसलेली. शिसं गेलं होतं, पण पेन्सिल दाबून ओढल्याची खाच तशीच होती, उजेडात ती सावलीसारखी उमटली. शिसाची पेन्सिल एकट्या अक्कांची.

"अक्का, तुम्ही पुसलीत?"

"हो," अक्का म्हणाल्या. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आवडलं ते वाक्य. जोरात रेघ मारली. नंतर सगळं पुस्तक परत वाचलं. तेव्हा वाटलं, हे तो तिला सांगत नाहीये. निर्णय घ्यायचा टाळतोय आणि स्वतःला समजावतोय. मग ती रेघ माझ्याच्याने ठेववेना."

त्याच वाक्याखाली माझी हिरवी रेघ ठसठशीत होती. मी ते वाक्य परत वाचलं, अक्कांना ऐकू आलं होतं तसं. आणि मग चक्रधरच्या तोंडची माझी सगळी आवडती वाक्यं एकेक करून परत वाचावी लागली. मी एकही रेघ पुसली नाही. पहिल्या वाचनात मला तसंच वाटलं होतं, ते तिथे राहू दे. पण ती पुसलेली रेघ पाहिली नसती, तर ते पुस्तक मी आयुष्यभर एका बाजूनेच वाचलं असतं.

पुढचं पुस्तक निवडायची रीतही तिथूनच लागली. आम्ही यादी करत नाही. एका पुस्तकातून जो धागा निघेल तो धरून पुढे जायचं. बेडेकरांवर बोलताना मालतीबाई बेडेकरांचा विषय निघाला, त्यांच्या पत्नी, आणि त्याच 'विभावरी शिरूरकर' हे धाकट्याला ठाऊकच नव्हतं. टोपणनावाने आलेलं त्यांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं. मग पुढचा महिना तेच. शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या त्या कथांवर बँकेतली मैत्रीण जे बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

सगळे रविवार असे गेले नाहीत. एकदा माझ्या हातून फार वाईट झालं. धाकटा पुष्कळ पुस्तकं ऐकतो, प्रवासात, काम करताना. एका महिन्याचं पुस्तक त्याने पूर्ण ऐकूनच काढलं होतं. तो बोलत असताना मी मध्येच म्हणाले, "पण तू वाचलं कुठंयस, ऐकलंयस." तो गप्प बसला. पुढचे दोन महिने आलाच नाही. निरोपांना उत्तर द्यायचा, व्यवस्थित द्यायचा, पण यायचा नाही. तिसऱ्या महिन्यात मी ठरवून एक पुस्तक तसंच, फक्त कानांनी, शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या लक्षात आलं ते असं, की छापील पानावर मी वर्णनं उड्या मारत वाचते. डोंगर, पाऊस, रस्ता आला की माझी नजर खाली संवादावर जाते. ऐकताना तसं करता येत नाही. वाचणारा जेवढा वेळ पावसात उभा राहील तेवढा वेळ आपणही उभं राहायचं. मग आठवलं, की धाकटा नेहमी जे परिच्छेद काढायचा ते मला आठवतच नसायचे, आणि मी समजायचे त्याची निवड विचित्र आहे. ती मी गाळलेली पानं होती. मी त्याला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं आणि माफी मागितली. तो पुढच्या रविवारी आला. आता तो थांबलेली जागा मिनिट-सेकंदात सांगतो आणि आम्ही ती ऐकतो.

इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'वर, महाभारतातल्या माणसांवरच्या त्यांच्या लेखांच्या पुस्तकावर, तर दोन रविवार गेले, आणि दुसऱ्या रविवारीही काही मिटलं नाही. अभियंता मित्र द्रौपदीच्या प्रकरणाच्या शेवटी थांबला होता, आणि तो रागावला होता. त्याचं म्हणणं असं. पुण्याच्या भांडारकर संशोधन संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, मागाहून घुसलेले श्लोक बाजूला काढले. इरावतीबाई त्याच शिस्तीच्या, मानववंशशास्त्रज्ञ, पुराव्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या. आणि त्याच बाई शेवटच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीजवळ भीमाला आणून बसवतात आणि तिच्या तोंडी स्वतःचं वाक्य घालतात, की पुढच्या जन्मी पाचांतला थोरला भाऊ हो. "मग पूर्वी ज्यांनी श्लोक घुसवले त्यांच्यात आणि यांच्यात फरक काय?"

अक्का म्हणाल्या, "फरक हाच की त्या सांगून करतात, हे माझ्या पदरचं आहे म्हणून."

"सांगितलं म्हणून चालतं?"

त्याची बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मी तिथे रडले. हे मूळ महाभारतात नाही हे वाचूनही रडले. मग मी कशावर रडले?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला स्वतःला वाटतं की ज्या बाईने शेकडो पानं स्वतःच्या मनाला आवर घालून पुरावा मोजला, तिला शेवटी एक ओळ द्रौपदीला द्यावीशी वाटली, आणि ती ओळ तेवढी पोचते कारण त्याआधी तो आवर होता. अभियंता मित्र म्हणतो, ही वकिली झाली. वकील मैत्रीण म्हणते, वकिली अशी नसते. वाद चालू आहे.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. सातपेक्षा जास्त माणसं झाली की कुणीतरी ऐकणाराच होऊन बसतो, असा आमचा अनुभव आहे. कमी बोलणाऱ्याला "तुला काय वाटतं?" असं सगळ्यांदेखत विचारू नये, त्याला आधी वाचायला सांगावं, वाचून झालं की तो आपणहून बोलतो. लेखकाची माहिती शोधून यायला हरकत नाही, पण ती शेवटी काढावी. आणि पुस्तक पूर्ण झालं नसेल तरी यावं. आमच्यात अर्धवट वाचून आलेल्याला पहिली पाळी मिळते.

गेल्या महिन्यापासून अक्कांना वाचता येत नाहीये. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया पाठोपाठ झाली आणि अजून काही आठवडे डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं सांगितलंय. त्यांनी या महिन्यापुरतं मी येत नाही असं कळवलं, तेव्हा धाकट्याने लगेच वार वाटून टाकले. रोज रात्री नऊ वाजता आमच्यापैकी एक जण अक्कांना फोन करून दहा पानं वाचून दाखवतो. माझा वार गुरुवार.

काल गुरुवार होता. अक्कांची प्रत सध्या माझ्याकडे आहे. मी एक लांब परिच्छेद वाचत होते, नदीचं वर्णन, आणि सावकाश वाचत होते. मध्येच पलीकडून आवाज आला, "थांब."

मी थांबले.

"मागचं वाक्य परत वाच."

मी वाचलं. त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पेन्सिल आहे का जवळ?"

"आहे, अक्का."

"साधीच घे. वाक्याच्या आधी एक बारीक ठिपका दे माझ्या नावाचा. रेघ नको मारूस, अजून नक्की नाही."

मी ठिपका दिला आणि पुढे वाचायला लागले.